बर्फाचा रस्ता उघडला त्या हिवाळ्यात

सहा वर्षांनी समुद्र गोठला,
हीउमा बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत रस्ता उघडला,
आणि त्याच आठवड्यात मी, हेल्दुर,
एकसष्ट वर्षांचा, फेरीबोटीच्या इंजिनखोलीतून निवृत्त,
सरपणाच्या शेडपाशी घसरलो.
टाचेमागून आवाज आला,
ओली दोरी तुटावी तसा.

प्लास्टर गुडघ्यापर्यंत.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
माझं अंथरूण ऐसपैस, पायच तेवढा
उशीवर, पाहुण्यासारखा अवघडलेला.

पहिले दहा दिवस मी काहीही केलं नाही.
खरं सांगतो. खिडकीकडे पाठ केली,
काळ्या पावावर चरबी थापून थापून खाल्ली,
दुपारी झोपलो, रात्री छताच्या फळ्या मोजल्या,
माइमूवर खेकसलो: मीठ कमी, मीठ जास्त,
तू चालतेस तेव्हा फरशी का वाजते.
चाळीस हिवाळे स्की घातलेला माणूस मी.
धाप लागावी असं काही उरलंच नाही,
तर धाप भलतीकडूनच लागायला लागली,
रात्री तीनला, पडल्या पडल्या.

मग त्रीनू आली, फिजिओथेरपिस्ट,
माझ्या लेकीपेक्षा लहान, बुटांना बर्फ चिकटलेला.
दुखऱ्या पायाकडे तिनं पाहिलंही नाही.
म्हणाली, उजवा उचला.
म्हटलं, गेलाय तो डावा.
म्हणाली, माहीत आहे. उजव्याला शिकवलं की
डाव्याच्या कानावर थोडं जातं.
मी हसलो. पायाला कुठले कान?
तरी उचलला. बारा वेळा. तेराव्याला मांडी थरथरली
आणि मला, काय सांगू,
गर्दीत ओळखीचं कुणी दिसल्यासारखं झालं.

नंतरची कामं किरकोळ, सांगायलाही लाज वाटते.
वाटाण्यांचे दोन डबे, दोन हातांत, डोक्याच्या वर.
प्लास्टरबाहेरची बोटं: हलव, थांब, हलव.
श्वास सोडायचा, केटलीच्या वाफेपेक्षा हळू.
चरबीच्या जागी कोबी, हेरिंग, ताक;
इंजिन बंद असताना डिझेल ओतत राहिलं तर काय होतं
हे निदान मला तरी कुणी शिकवायला नको होतं.
आणि खुर्ची खिडकीकडे. उजेड उशिरा येतो आमच्याकडे,
लवकर जातो, त्याला पाहायला
घरात कुणीतरी जागं असावं.

सगळेच दिवस असे नव्हते.
एका गुरुवारी मी डबा भिंतीवर फेकला.
वाटाणे सोफ्याखाली अजून सापडतात.
माइमू काही बोलली नाही,
दुसरा डबा आणून ठेवला.
हा जरा मोठा होता.

एंडेलचा फोन आला, रस्त्याच्या ऐन मध्यावरून.
तिथं थांबू नये असं असतं, तरी हा थांबला,
आणि फोन बर्फावर टेकवून म्हणाला, ऐक.
खाली खोलवर काहीतरी ताणलं जात होतं,
लांब, जाड तार कुणी सैल सोडावी तसं.
मला हेवा वाटला. पार पोटातून.
शहाणपणाचा एक शब्द सुचला नाही.
फोन कानाशी धरूनच मी उजवा पाय उचलला,
एक, दोन, आणि तो तिकडून विचारत राहिला,
अरे, धापा कसल्या टाकतोयस?

मार्चमध्ये प्लास्टर काढलं.
आत साल सोललेली काडी निघाली, केसाळ, पांढरी,
माझ्या मालकीची वाटेना.
त्रीनूनं टेप गुंडाळून पोटरी मोजली, आकडा वहीत लिहिला.
रस्ता तोवर वितळून गेला होता;
फेरीबोटीचा भोंगा ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर.
म्हणाली, वाटलं होतं त्यापेक्षा बरा आहे.
विचारलं, तुला किती वाईट वाटलं होतं?
ती बूट चढवत होती.
म्हणाली, उद्यापासून दोन्ही.