कूलर करंट मारायलाय

फोनवर कौसाबाई : "कूलर करंट मारायलाय.
जास्ती नाही, मुंग्या आल्यावानी."
मी म्हणलं, मी येईस्तोवर कुणीच हात लावू नका.
"मंग गरमीचं कसं?"
पुठ्ठ्यानं वारा घ्या, मावशी.

सेलूचा मे, दुपारचे अडीच.
स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं टाकून निघाले.
डिकीत टेस्टर, होल्डरचा बल्ब, वायरचं भेंडोळं
आणि उस्ताद खाजामियाँची पक्कड.
(उस्ताद करंटनं नाही गेले, शुगरनं गेले.
लोक विचारतात, म्हणून आधीच सांगते.)

दारात ज्ञानोबा माझ्या मागं बघत राहिले,
वायरमन अजून यायचाय असं वाटून.
मीच, म्हणलं. मेन कुठंय?

मेन ज्वारीच्या पोत्यांमागं.
पोती ओढली तेव्हा फ्यूज दिसला,
त्यात खिळ्याएवढी जाड तार.
"सारखा उडायचा, मनून मीच बशिवली," ज्ञानोबा खुशीत.
उडणं हेच त्याचं काम होतं, दादा.
कुत्रं भुंकतं म्हणून तुम्ही त्याचं तोंड बांधलं
आणि दार उघडं टाकून झोपलात.

टेस्टर आधी चालू बोर्डात घातला : पेटला.
मेन पाडली. इन्व्हर्टरही.
("तो तर बॅटरीवर हाय." तोही मारतो.)
त्याच बोर्डात पुन्हा : अंधार.
मग मेनच्या वरच्या अंगाला, जिथं वीज असतेच : पेटला.
तेव्हा कुठं त्या अंधारावर विश्वास ठेवला.
उस्ताद विचारायचे, टेस्टर गप्प बसला
म्हणजे वीज गेली, की टेस्टरच मेला?

नातू समर्थ, सहावीतला, मेनपाशी उभा केला.
मी सांगेपर्यंत कुणी वर करायला आलं
तर नाही म्हणायचं. आजोबांनाही.
त्यानं कमरेवर हात ठेवले.

कूलर रिकामा केला.
तळाशी शेवाळ, शेवाळात पंपाची वायर,
वायरला जोड, जोडावर टेप नाही,
दवाखान्यातली पांढरी पट्टी. भिजून मऊ.
आणि प्लगची तिसरी पिन करवतीनं कापलेली,
कारण बोर्डाला भोकं दोनच होती.

अखंड वायर टाकली, पाण्याच्या वर बांधली.
बोर्ड तीन भोकांचा बसवला,
फ्यूजला त्याची बारीक तार परत दिली.
आता ती तिसरी वायर जाते कुठं, ते बघायला
मोरीमागं गेले.

अर्थिंगचा खड्डा. बोट जाईल एवढ्या भेगा.
ह्याला कधी पाणी घालता का?
कौसाबाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या.
टँकर नवव्या दिवशी येतो.
"मातीला? प्यायला पुरंना, आन् मातीला?"
मावशी, चुकलेला करंट हिच्यातूनच खाली जाणार.
हिला ओल नसली तर तो तुमच्यातून जाईल.

त्या आत गेल्या. भांडी विसळलेलं पाणी आणलं,
पातेलंभर, राखेचं, खरकट्याचं.
मी वर मूठभर मीठ टाकलं.
समर्थ, कर वर!
पायाखाली लाकडी पाट, बल्बचं एक टोक फेजला,
दुसरं ह्या मातीला जोडलेलं.
बल्ब तांबूस झाला, विझू विझू.
अजून एक पातेलं आणा.
माती फसफसली,
आणि बल्ब, घोट घोट प्यावं तसा,
पिवळा झाला, मग चांगला लख्ख.
कौसाबाई खड्ड्याकडं बघतच नव्हत्या,
बल्बकडं बघत ओतत होत्या.

कूलर लावल्यावर आधी टेस्टर टेकवला.
मग हाताची पाठ. तळवा कधीच नाही,
बोटं आवळली तर सुटत नाहीत.
काही नाही. नुसती पत्र्याची थरथर.

"आता मी लावू हात?"
लावा. पण आधी पदराला पुसा.