तांबडा, थर एकोणीस

स्क्रीनवर आधी सगळं ओळखू येतं.
सुपात वाळत घातलेली भिरंडाची सोलं.
शाणूच्या टिपरचं दार, धुळीत बोटानं
गिरवलेलं त्याच्या पोरीचं नाव.
आग्नेलच्या कुंपणातला अर्धा चिरा.
फुटबॉलचे मोजे, एकच जोडी,
गोल झाला नाही त्या दिवसाचे.
आणि बंद खाणीच्या पायऱ्या,
ज्यांच्या तळाशी आता पाणी साचलंय, हिरवंगार.
ते हिरवं मी कापून टाकते.

मला तांबडा हवाय.
फोटोवर फोटो अंथरते, पारदर्शक करते,
कडा ओढते, विस्कटते, पुन्हा ओढते,
आमटीवरचा तवंग डावल्यानं फिरवावा तशी.
मोजे आधी विरतात. मग सोलं.
दाराचं दारपण जायला वेळ लागतो,
बिजागरी हटत नाही.
पोरीच्या नावातला एक काना
उभाच राहतो बराच वेळ,
मग तोही नुसती रेघ होतो, कुणाचीच नाही अशी.

रात्रीचे अडीच. डिचोलीत वीज गेली, आली.
सेव्ह केलं होतं, नशीब.
एकोणिसाव्या थरावर चित्र आपसूक थांबलं:
एका अंगाला दाट,
दुसरीकडे काहीतरी उडून जात असलेलं.
फाइलला नाव सुचेना.

सकाळी आई चहा घेऊन आली,
भांडी टाकून तशीच, चष्म्याशिवाय.
कप ठेवला,
ओल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं
आणि स्क्रीन पुसायला लागली.
आधी कोपरे, मग वरून खाली.
तेवीस वर्षं अशीच पुसायची ती
खिडकीचे गज, देवांच्या तसबिरी,
भातावरचं झाकण,
आणि खालून टिपरांची रांग चाललेली असायची.
"पुसलें म्हूण कितें, परत बसता."

आई, चित्र आहे ते.

तिनं मान मागे घेऊन पाहिलं.
"खाण बंद पडून इतलीं वर्सां जालीं," म्हणाली,
"तुवें ही माती खंयच्यान हाडली?"
आणि गेली. गॅसवर काहीतरी होतं.

काचेवर पाण्याचा एक थेंब राहिला होता.
वाकून पाहिलं:
थेंबाखाली तांबडा फुटलेला, दाणा दाणा,
आणि दोन तांबड्या दाण्यांच्या मध्ये
मोहरीहून बारीक, मंद,
एक हिरवा.

चहा निवला.
थेंब सुकेपर्यंत मी माउसला हात लावला नाही.