सव्वाअकरा ते अकरा चाळीस

ग्राहक आयोगाच्या बाकावर
इंदुमती शिर्के माझ्यापासून दोन हातांवर बसायच्या.
सात वर्षांत एकतीस तारखा.
पंखा एकच, तोही वकिलांच्या डोक्यावर.
शिपाई पुकारा करायचा,
त्यांचं नाव आधी, मग माझं,
जणू आम्ही एकाच घरच्या.

विमा कंपनीच्या परीखभाईंनी बजावलं होतं,
बेन, बोलायचं नाही. नमस्कारसुद्धा नको.
'चुकलं' हा शब्द तर घरीच ठेवून या.
मी ठेवून यायचे.
रिक्षा रावपुऱ्याला वळली की तो
मागून धापा टाकत यायचा.

लेखी उत्तरात आम्ही म्हटलं,
रुग्ण पूर्ण वेळ बेशुद्ध होती,
भुलीत माणसांना स्वप्नं पडतात.
सोबत तक्ता जोडला.
दर पाच मिनिटांनी ठिपका, नाडीचा, दाबाचा.
सव्वाअकरापासून ठिपके जिना चढत गेलेले.
समासात मी लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेचा ताण'.
सुवाच्य अक्षर. शाळेत त्याला बक्षीस होतं.

मग त्या साक्षीला उभ्या राहिल्या.
मराठीत बोलू का, म्हणाल्या.
डॉक्टर ठाकोर वाघोडिया रोडच्या प्लॉटचा भाव सांगत होते.
(परीखभाई हसले. तो भाव तर
पानवाल्यालाही पाठ.)
कुणाच्या तरी चपला चुरचुरत होत्या.
मला एक पापणी हलवायची होती. तेवढंच.
पोटात काय चाललं होतं ते इथे सांगणार नाही,
अर्जात आहे, वाचून घ्या.

आणि या बाई, त्या म्हणाल्या,
नर्सला सांगत होत्या,
आई आता मला कुंदा म्हणते.
कुंदा माझी बहीण, विहिरीत गेली ती.
आईने हाक मारली की मी ओ देते, दुसरं काय करू.

टायपिस्टची बोटं थांबली.
परीखभाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
हे मी घरात कुणाला बोलले नव्हते,
नवऱ्यालाही नाही.
झोपलेल्या माणसाच्या उशाशी बोलले होते,
भिंतीशी बोलावं तसं.

यंत्राला एक काचेची अरुंद खिडकी असते,
भुलीचं औषध किती उरलंय ते दाखवणारी.
त्या सकाळची तिसरी केस.
मी खिडकी पाहिली होती का?
आठवायला गेलं की
खिडकीपुढे आई येऊन उभी राहते, पदर सावरत,
आणि मागचं काही दिसत नाही.

आणखी काही? अध्यक्षांनी विचारलं.
त्या जरा थांबल्या.
माझ्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं होतं,
ते यांनी पुसलं. कापसाने. अगदी हलक्या हाताने.
मला वाटलं, सुटले, यांना कळलं.
मग यांनी सुटलेली चिकटपट्टी पुन्हा
पापणीवर नीट बसवली.

रक्कम कंपनीने भरली.
कमीत सुटलात, परीखभाई म्हणाले
आणि चहा मागवला.

आता केस सुरू करण्याआधी मी खिडकीवर बोट टेकवते.
शिकाऊ पोरं एकमेकांकडे बघतात.
बघू देत.
कुणाच्या डोळ्यातून पाणी आलं तर पुसत नाही,
आधी आकडे बघते,
मग कानाशी वाकून नावाने हाक मारते.
परवा बिजलबेन होत्या टेबलावर,
पित्ताशयाचीच केस.
वाकले, आणि तोंडातून निघालं,
इंदुमतीबाई.