साजाखालची मान

गुजरीत पोतदारांच्या दुकानात
आईनं माझ्या गळ्यावर साज धरला
आणि आरशात न बघता
मानेकडं बघितलं.
"घासत न्हाईस व्हय गं?"
एवढंच, तेही दबक्या आवाजात,
पण काट्यात सोनं ठेवणारा हात
क्षणभर थांबला.

मग महिनाभर
डाळीचं पीठ, लिंबाची साल, वाळक्या घोसाळ्याची जाळी.
ती घासायची. मी भिंतीकडं तोंड करून
कॅलेंडरचे चौकोन बघत बसायचे:
श्रावण कोरा, भादवा कोरा,
आश्विनात एकदाची आली
आणि अठरा दिवस हललीच नाही,
कोर्टाच्या कामाला आलेल्या पाहुण्यासारखी.
हनुवटीवरचे केस मी चिमट्यानं काढायचे
दार लावून,
चोरी करावी तशी.

राजारामपुरीतली तपासणी.
पोटावर गारढोण जेल,
पडद्यावर करडं आभाळ,
आणि डॉक्टर कुंभोजकर म्हणाल्या,
"कडेकडेनं मोत्यांची माळ दिसते ना?
बीजं आहेत ती. वाढायला निघाली आणि मध्येच थांबली."
म्हणजे माझ्या आत कुणीतरी साज घडवत होतं
मला न विचारता.

मी म्हटलं, मग पाळी यायची गोळी द्या.
त्या म्हणाल्या, पाळी ही शेवटची ओळ आहे,
वरनं वाच.
आणि माझी मान वळवून
काळ्या वळीवर बोट ठेवलं:
"हा मळ नव्हे."

बाबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी,
म्हणून पुढचं मला लगेच कळलं.
गाड्या लागल्यात, रव्यावर रवे,
हमाल कडी वाजवतोय
आणि गोदाम दारच उघडत नाही.
मग आणखी हमाल, आणखी हाका,
दार उघडतं, पण किती ओरडल्यावर!
साखर अजून बेतातच होती माझी.
इन्सुलिन चौपट.
त्या आरडाओरड्यानं
पलीकडं बीजांचं घर बिथरलं,
भलताच रस पाझरायला लागला,
आणि हनुवटीवर उगवला.

"आता तुमची मान बघू," त्या आईला म्हणाल्या.
"मला काय धाड भरलीया?
मी काय आता लगीन करतो व्हय?"
पण अंबाडा वर घेतला तिनं.

तीच वळी. तोच रंग.
पदराखाली इतकी वर्षं.
मावशीचा अंगठा आम्ही सीपीआरमध्ये ठेवून आलो,
तेव्हाही कुणी कुणाची मान बघितली नव्हती.
मी व्हायच्या आधीची आठ वर्षं,
ते नवस, ते उपास, हळदीकुंकवाला
हिला वगळून पुढं सरकणारं तबक,
सगळं त्या एका वळीत
वाचायचं राहून गेलेलं.
जेवणानंतरची साखर दोनशे अडुसष्ट.
ती आकडा बघत राहिली,
मग मला म्हणाली, "लै घासली गं मी तुला."

साज पोतदारांकडंच आहे अजून.
घोसाळ्याची जाळी आता तव्याला.
आम्ही पहाटे रंकाळ्याला जातो,
ती माझ्या पुढं, चपला करकरवत,
भात निम्मा झालाय, बाबा कुरकुरतात.
माझ्या कोऱ्या चौकोनांत
आता तिचे उपाशीपोटीचे आकडे:
एकशे ब्याऐंशी, एकशे एकोणसत्तर, परत एकशे नव्वद.
मधेच एक लाल गोल, माझा,
तोही तिनंच काढलेला, जरा वाकडा.

परवा चौपाटीवर दोघींनी भेळ खाल्ली, मग वर कुल्फी.
ते कुठंच लिहिलं नाही.