अठरा ग्रॅम

काट्यावर काही नाही
आणि काटा म्हणतो अठरा.

पुसला. फुंकर मारली. पंखा बंद केला.
भिंतीपासून वीतभर सरकवला.
अठरा.
नसरीन तडवी केळी सोलता सोलता म्हणाली,
"ताई, काट्यालेबी ऊन लागलं,"
आणि त्याच्या कुशीला एक कांदा ठेवून गेली.

हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन,
मराठी आठवर होती.
आठ दाबलं. आली मराठी,
पण पुण्याची, धुऊन इस्त्री केलेली.
मग बासरी.
बासरी सरेना, वेफर्सचा एक घाणा करपला तेवढ्यात.

मग एक मुलगा आला. शार्दूल, म्हणाला.
"ताटलीवर काय ठेवलंय, मॅडम?"
काही नाही.
"काहीच नाही?"
अरे बाबा, काहीच नाही, त्याचंच तर वजन येतंय.
तो थांबला. टाइप केल्याचं ऐकू आलं.
काय लिहिलं असेल?
ग्राहकाकडे काही नाही, अठरा ग्रॅम?

शून्याचं बटण पाच सेकंद दाबा.
दाबलं. आलं शून्य.
मी "आलं" म्हणेपर्यंत चार, सात, अकरा,
सांजेला शेळ्या गोठ्यात शिरतात तसे आकडे
एकामागं एक आले
आणि अठरावर बसले.

"तुमच्याकडे तापमान किती आहे?"
मी म्हटलं, सावदा.
"तापमान, मॅडम."
तेच सांगते. वैशाख, सावदा, शेहेचाळीस.
त्यानं पुस्तिकेचं पान नऊ उघडायला लावलं.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं:
शून्य ते चाळीस अंश. पुढे कंपनी जबाबदार नाही.

चाळीस इथं सकाळी साडेदहालाच होतात.
म्हणजे साडेदहानंतर
हा काटा, ही कढई, नसरीन, मी,
समोर टायरात हवा भरणारा डिगंबर भंगाळे,
सगळेच पान नऊच्या बाहेर.

इंजिनीयर नाशिकहून येईल. सात दिवस, कामाचे.

फोन ठेवला आणि हिशेब छातीवर बसला.
आखाजीपासूनच असा असला तर?
पाव किलोच्या पुडीमागं अठरा कमी.
फैजपूरच्या होस्टेलची पोरं,
शेवटच्या गाडीचा कंडक्टर,
माहेरपणाला आलेली झोपेबाईंची लेक,
जाताना तीन पुड्या घेऊन गेली सुरतेला.
कोणी बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून प्रत्येक पुडीत एक मूठ वरून.
गिऱ्हाईक विचारतं, हे कशाचे?
मी म्हणते, उन्हाचे.

चौथ्या रात्री धाब्यावर डोळा लागेना.
अडीचला खाली आले, दुकानात काट्याची तार लावली.
शून्य.
शून्य शून्य शून्य, हिरवे,
तळलेल्या वासाच्या अंधारात.
कांदा बाजूला, आपली राखण करत.
मी उगाच तळहात ठेवला ताटलीवर, उचलला.
पुन्हा शून्य.

चोवीस तास सेवा म्हणतात. लावला फोन.
बासरी वाजलीच नाही.
कोणी मुलगी होती, जांभई गिळून बोलणारी.
सांगितलं तिला, आलं बरं का शून्य.
"छानच. मग तक्रार बंद करू, मॅडम?"

स्टेशनाकडून मालगाडीचे डबे आदळल्याचा आवाज आला.
मी म्हटलं, थांब गं बाई,
साडेदहापर्यंत थांब.