हद

कॅम्पातल्या मेसमध्ये एकतीस वर्षं
आधी कढया घासून, मग कांदा चिरून,
शेवटची सात ओव्हनपाशी उभं राहून
अप्पांनी घरी आणलं ते एवढंच:
एक पितळी डाव, मनगटावर भाजल्याचा डाग
आणि ओटच्या बिस्किटांचा कागद.

कागद म्हणजे रेशनच्या पावतीची पाठकोरी बाजू.
अक्षर अप्पांचं, जीभ कल्लाप्पाची.
गोकाकचा कल्लाप्पा सांगत गेला, हे लिहीत गेले,
म्हणून साखर मराठीत आहे आणि गूळ कानडीत.
'बेल्ल अर्धी वाटी, किसून.'
'सोडा चिमूट.' कुणाची चिमूट ते नाही.
तूप किती, त्या जागी तुपाचाच डाग.

नऊ वर्षं तो विम्याच्या फायलीत पडून होता.
परवा काढला. कारण विचाराल तर काही नाही,
ओटच्या एका पुड्यावर एक पुडा फुकट होता.

घरी ओव्हन नाही. कालवलेलं पीठ पातेल्यात,
वर ओला पंचा, पातेलं मांडीवर,
अनगोळहून शहापूर, रिक्षानं.
रेल्वे गेट पडलेलं. मालगाडीचे डबे
मी मोजायचे नाही म्हणूनही मोजले, अठ्ठेचाळीस.
रिक्षावाला आरशातून म्हणाला, "बाई, वास कशाचा येवालाय?"
म्हटलं, वेलदोडा. कागदात नाही तो. माझा आहे.

दस्तगीर किल्लेदारच्या भट्टीत तीन वाजता
पाव निघालेले असतात आणि खारी जायची असते,
मधली ऊब गल्लीतल्या बायकांची.
कुणाची नानकटाई, कुणाचे शेंगदाणे,
ट्रेच्या कोपऱ्यात खडूनं नाव.
माझ्या ट्रेवर त्यानं नुसतं 'टीचर' लिहिलं.

कागदाची शेवटची ओळ:
'हद आली की काढ.'

मराठी शाळेत चौतीस वर्षं मी वह्या तपासल्या.
ही ओळ पहिल्यांदा वाचली त्या दिवशीच
लाल पेन्सिलीनं अर्धा द घातला होता.
हद्द.
या गावात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही,
डांबर फासलेल्या पाट्यांखाली तो आम्ही
अक्षरं लावायच्या आधी वाचलेला असतो.
मी अर्थ लावला: हद्द म्हणजे काठ.
काठ लाल झाले की काढायचं.

पहिला ट्रे काठ लाल होईपर्यंत ठेवला.
निघाल्या त्या कौलाच्या खापऱ्या.
दस्तगीरनं एक दाताखाली धरली, सोडली,
कागद मागितला, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"हे कानडी हाय की, टीचर. हद.
पाकाला येती. पिठाला येती.
पाऊस उघडल्यावर रानाला येती बघा,
तुमच्यात वाफसा म्हणतात, तसं."
मग लाल खुणेवर बोट ठेवून, "हे कुणी घातलं?"

मी पातेलं खरवडायला घेतलं.

अप्पा चौथी पास. दसऱ्याला
पाटीवर सरस्वती काढताना त्यांचा हात थरथरायचा
आणि मी वेलांट्या काढून दाखवायची,
ते हसायचे, पुन्हा ऱ्हस्वच काढायचे.

दुसरा ट्रे गेला. दस्तगीर घड्याळ बघत नाही.
बाहेर येऊन त्यानं बिडी पेटवली, अर्धी ओढली,
कुणाला तरी फोनवर मैद्याच्या पोत्यावरून शिव्या दिल्या,
मध्येच थांबला. नाक वर केलं.
"हद बंतु," म्हणाला, मला नाही, भट्टीला,
आणि लांब दांड्याचं फळकं आत घातलं.

मऊच होत्या. मला कच्च्या वाटल्या.
"आता हात लावू नका, ट्रेवरच घट्ट होतात त्या."
उभी राहिले. हात पंच्यात गुंडाळून.
पितळी डाव घरी राहिला होता.

खापऱ्यांची पिशवी त्यानं पैसे न घेता बांधून दिली,
"चहात बुडवून लागतील बऱ्या."
रिक्षात कागद उघडला, खोडरबर शोधलं.
पर्समध्ये चौतीस वर्षं असायचं.
नव्हतं.