वॉकरचे चार पाय

पोर्ट हार्डीच्या दुकानदाराने कागदावर आकडा लिहिला
आणि कागद उलटा करून पुढे सरकवला,
जसा डॉक्टर रिपोर्ट सरकवतो.
बोटीच्या छतावर स्टीलचा रॅक, दोन कयाकसाठी:
अठराशे डॉलर. बसवायचे वेगळे.

ताउनोने घडी घालून तो खिशात टाकला.
सोइंतुलाला परतताना, फेरीच्या बाकावर,
त्याच कागदाच्या पाठीवर त्याचं गणित सुरू झालं.
हे गणित मी चाळीस वर्षं ओळखते.
त्यात लाकूड नेहमी फुकट असतं,
वेळ कधीच धरलेला नसतो,
आणि हातचा एक म्हणजे मी.

लाकूड खरंच फुकट निघालं.
वादळानंतर किनाऱ्याला लागलेली देवदाराची फळी, मीठ मुरलेली.
आगीच्या बंबाचा जुना पाइप, उभा चिरून,
कयाकच्या पोटाला खरचटू नये म्हणून.
सायकलच्या फाटक्या ट्यूब.
अडलं ते हातांपाशी.
छताच्या कडेबाहेर झुकणारे चार हात हवे होते,
हलके, न गंजणारे.

तो खुर्चीत बसून खोलीभर नजर फिरवत होता.
नजर थांबली तिथे मी पाहिलं
आणि म्हटलं, नाही.
"सहा आठवडे सांगितलेत. हा तिसरा."
"काठीवर चालेन."
"पडलास तर दुसरा खुबाही बदलावा लागेल."
"हेल्वी, हे अॅल्युमिनियम आहे," तो म्हणाला,
सोनं आहे म्हणावं तसं.

करवत त्याने धरली, वॉकर मी.
रबरी बुटं काढून बाजूला ठेवली,
सौनाबाहेर ठेवतो तशी जोडीजोडीने.

मापं दोन कयाकची घेतली. एक माझी, एक त्याची.
त्याच्या कयाकमध्ये बसायला केवढं वाकावं लागतं
हे दोघांनाही ठाऊक होतं.
टेप धरून मी आकडे वाचत राहिले,
तो लिहीत राहिला.

पहिल्याच दिवशी एका क्रूझ जहाजाची लाट आली,
रॅक कुरकुरला, कलला,
आणि माझी कयाक केबिनच्या काचेवर नाक आपटून थांबली.
ताउनो खूश. "कळलं, कुठे कमी पडतंय."
त्या संध्याकाळी माझ्या इस्त्रीच्या टेबलाची घोडी गेली.

मग शीळ.
वॉकरच्या पायांना उंची कमीजास्त करायची भोकं असतात,
एका ओळीत, पाव्याला असावीत तशी.
वारा सुटला की चारही पाय वाजत,
चौघांचे चार सूर, एकही दुसऱ्याशी न जुळणारा.
धक्क्यावरचा ओस्कारी म्हणाला, किटली उकळतेय का रे?
"उद्या बुजवतो," ताउनो म्हणाला. हे जूनमध्ये.

ऑगस्टमध्ये सान्नी आली. अकरा वर्षांची.
त्याने त्याच्या कयाकमधले पाय टेकायचे खुंट
पुढे सरकवून दिले, तिच्या मापाला,
दोन वेळा तपासले,
आणि बोट नांगरून मासे तळायला बसला.

बेटाच्या पलीकडे आम्हाला धुक्याने गाठलं.
पश्चिमेचा वारा ते ढकलत आणत होता
आणि माझं होकायंत्र बोटीवर, कोटाच्या खिशात.
"मुम्मो, आपण हरवलो का?"
"नाही," मी म्हटलं. वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं.
सगळीकडे सारखंच पांढरं.
सान्नीने मान तिरकी केली.
"किटली," ती म्हणाली.

एकच सूर होता, बेसूर, बारीक,
मध्येच तुटणारा.
त्या धाग्याला धरून आम्ही आलो,
तुटला की थांबत, लागला की वल्हवत,
आणि एकदम छतावरच्या रिकाम्या रॅकखाली
काठी बगलेत दाबून उभा तो दिसला.

तीन पायांची भोकं टेपने बुजवून झाली होती.
चौथ्यासाठी तो टेप दातांनी तोडत होता.

"उक्की," सान्नी ओरडली, "थांब!"